उघडं फाटक

मोहन्याच्या घरून बर्लिनला निघालो त्या दुपारी बाबांनी माझ्या बॅगेचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं. कारखान्याच्या गेटवर आयुष्यभर वॉचमनकी केलेला माणूस. टॅक्सीवाला हॉर्न देत होता तरी त्यांनी घाई केली नाही. मग नेहमीचं वाक्य ऐकवलं, "फाटक उघडं हाय म्हणून आत नाय शिरायचं. आधी हाक मारायची."

बर्लिनमध्ये मी त्याच वाक्यावर पोट भरतो. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधली उघडी राहिलेली फाटकं शोधायची आणि आत न शिरता मालकाला कळवायचं. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, पोरगा पण वॉचमनच आहे, फक्त एसीत बसतो.

गेल्या वर्षी ताईने नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्याची लिंक पाठवली. तिच्या चष्म्याचा नंबर होता त्यात. तिकडून फ्रेम आण म्हणाली. लिंकच्या शेवटी एक आकडा होता. जित्याची खोड, मी त्यातून एक वजा केला. पासवर्ड न विचारता दुसऱ्याचा रिपोर्ट उघडला. नियमाने तिथेच बंद करायला हवा होता. पण वर बाबांचं नाव होतं; ताई आणि ते तपासायला एकदमच गेले होते. मी शेवटपर्यंत वाचला. काचबिंदू. डावा डोळा गेलेला.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते म्हणायचे, "आमचं झकास हाय, तू तुझं बघ." आणि मी माझंच बघत होतो.

दवाखान्याला मेल अर्ध्या तासात गेला, मुद्देसूद. चार दिवसांत त्यांनी दुरुस्ती करून आभारही मानले. बाबांना मात्र मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर कसं कळलं ते सांगावं लागलं असतं, आणि मग घरी जावंही लागलं असतं. आठ महिने गप्प बसलो. माझ्यासारखे जे बाहेर आहेत त्यांना हे गप्प बसणं कळेल. जे मागे राहिलेत त्यांच्याकडे माफी मागायचीही मला लाज वाटते.

मे महिन्यात न कळवता गेलो. दार सताड उघडं होतं. बाबा खुर्चीत, डावी बाजू माझ्याकडे. मी हातभर अंतरावर उंबऱ्यात उभा होतो आणि त्यांना दिसलो नाही. मी हाक मारली तेव्हा त्यांनी अख्खी मान वळवली.

"आत ये ना. घरात कसली हाक मारतोस?"

बॅग खाली ठेवायच्या आधीच मी सगळं सांगितलं. चोरून वाचलं म्हणून रागावतील असं वाटलं होतं.

"बघितलं होतंस," ते म्हणाले, "तर तवाच यायचं होतंस."

आता घर म्हटलं की मला तो उंबरा दिसतो, आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभा असलेला मी.