आंब्याच्या काट्यावर तोललेले पिस्तूल

सेवेतल्या बहुतेक घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, असे विचारले तर मी गडबडतो. मलिहाबादचे ते पिस्तूल मात्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे, आणि त्या बाईंची आठवण झाली की मी मनातल्या मनात आजही उठून उभा राहतो.

वडील सरकारी नोकरीसाठी नागपूरहून लखनौला आले आणि मी इथेच दरोगा झालो. दरोगा म्हणजे आपला फौजदार. तेव्हा मलिहाबादच्या पट्ट्यातले एक ठाणे माझ्याकडे होते. दशहरी आंबे उतरवायचे दिवस. एका दुपारी पासष्टीच्या पुढचे एक बागायतदार पत्नीसह आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर चक्क खेळण्यातले पिस्तूल ठेवले.

"असली चोरी हो गया, दरोगाजी. कव्हर में ये डाल गया कोई."

त्यांचे खरे पिस्तूल ठाण्यात सगळ्यांना माहीत होते. फायबरच्या बॉडीची, त्यातल्या त्यात स्वस्त पिस्तुले तेव्हा परवानाधारकांत नवीनच आली होती. निवडणुकीआधी लोक हत्यारे जमा करायला येत, तेव्हा मालखान्यासमोर, म्हणजे ती ठेवायच्या खोलीसमोर, याच गप्पा रंगत. कुणाला चाप कडक वाटे, कुणी म्हणे, वजनच नाही तर रुबाब कसला! हे बागायतदार मात्र त्यावर लट्टू होते. "कमर पे है, पता ही नहीं चलता. पसीने से बॉडी खराब नहीं होती. सफ़ाई का झंझट ही नहीं." नवे होते तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सुटे करून, पुन्हा जोडून दाखवत. धाकटा भाऊ वारला आणि हे सारे बंद पडले. दोघांनी मिळून चाळीस वर्षे बाग केली होती.

मी फिर्याद नोंदवून घेतली. परवान्याचे हत्यार बेपत्ता होणे ही साधी चोरी नसते. उद्या त्यातून कुणावर गोळी चालली असती तर जाब मलाच द्यावा लागला असता. घराची झडती घेतली, हाती काही लागले नाही. मग खबऱ्याने सांगितले की बागेचा रखवालदार मालकाच्या खोलीत ये-जा करतो आणि हल्ली गप्प गप्प असतो. त्याला रोज सकाळी बोलवायचे, दिवसभर बसवायचे, संध्याकाळी सोडायचे, असे सुरू झाले. "साहब, हमने छुआ तक नहीं," एवढेच तो म्हणे. दीवानजींना, म्हणजे आमच्या लेखनिक हवालदारांना, तो पक्का चोर वाटत होता. मलाही वाटत होता. आमचा आवाज चढत चालला होता, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की रखवालदाराचा डबा फिर्यादीच्याच घरून येतो. बाई स्वतः घेऊन येत आणि तो जेवेपर्यंत बाकावर बसून राहत. ज्याच्यावर चोरीचा संशय, त्याला कुणी गरम रोट्या खाऊ घालते का?

मी नवरा-बायको दोघांना समोर बसवले आणि आधी फिर्यादीलाच विचारले, "हे खेळणं आहे, हे तुम्हाला कळलं कधी?"

"सफ़ाई के लिए निकाला था."

"सफाईचं झंझट नाही म्हणून तुम्हीच तर सांगत होतात! फिर्यादीप्रमाणे तुम्ही भर दुपारी बागेत एकटे होतात, जवळ ना कापड ना तेल. मग कव्हरमधून काढलं कशाला?"

ते खाली पाहू लागले. उत्तर बाईंनी दिले.

"इनसे मत पूछिए, भैया. हमने बदला है. उस ग़रीब को घर जाने दीजिए."

त्यांनी सगळे शांतपणे सांगितले. महिन्याभरापासून नवरा त्यांना विजेचे बिल कुठे भरायचे, बागेचे कागद कुठे आहेत, कुठल्या आडत्यावर विश्वास ठेवायचा, हे समजावू लागला होता. आजवर त्याने त्यांना यातले काही सांगितले नव्हते. भाऊ गेल्यापासून खचलेला हा माणूस निरवानिरव करतो आहे, हे बाईंनी ओळखले. पिस्तूल लपवावे तर त्याला लगेच कळणार, आणि माणूस दुसरी वाट शोधणार. म्हणून फिर्यादीच्या अकरा दिवस आधी दिल्लीच्या नातवंडांच्या टोपलीतले खेळणे घेऊन त्यांनी ते रेतीने भरले. आंब्याच्या काट्यावर एका पारड्यात खरे, दुसऱ्यात खोटे, असे चमच्याने रेती घालत घालत वजन जुळवले. खरे पिस्तूल सुटे केले. ते पाहुण्यांना चहा देता देता पाहून शिकल्या होत्या. नळी पिठाच्या डब्यात, काडतुसे धान्याच्या कोठीत, आणि फायबरची बॉडी खेळण्यांच्या टोपलीत. हे ऐकून माझा एक शिपाई पांढराफटक पडला. झडतीत ती बॉडी त्याने हातात घेऊन, प्लास्टिक म्हणून परत टोपलीत टाकली होती.

सगळे भाग जप्त करून आणले, जोडले आणि दोन्ही पिस्तुले ठाण्यासमोरच्या किराणावाल्याकडे तोलली. काटा हलला नाही. दीवानजींनी टोपी काढली. मी थक्क होऊन पाहत राहिलो. आमच्या खात्यात इतका नेमका पंचनामा करणारे किती निघतील?

बागायतदार त्या दिवशी पहिल्यांदाच पत्नीशी बोलले. "तुम्हें पता था?"

"पता न होता तो रेत काहे भरते?"

मी विचारले, "अकरा दिवस ते हेच कमरेला लावून फिरत होते. मधेच त्यांनी पाहिलं असतं तर?"

"तो झगड़ते हमसे," त्या म्हणाल्या. "झगड़ते तो सही."

त्यावर ते ढसाढसा रडले. आम्ही सगळे बाहेर गेलो. रखवालदाराची मी हात जोडून माफी मागितली. चोरीला बेइमानीचा हेतू लागतो, तो इथे नव्हता. जे घडले ते तसेच लिहून अहवाल वर पाठवला, आणि साहेबांनी प्रकरण बंद केले. बागायतदारांनी परवाना आपणहून परत केला. डॉक्टरांकडे जायलाही ते तयार झाले.

हरवलेल्या हत्याराची फिर्याद आली की मी आधी चोर शोधत असे. नंतरच्या सगळ्या नोकरीत, ते हत्यार घरात कुणाला नकोसे झाले होते, हे मी आधी विचारत आलो. अर्थात हे शहाणपण माझे नव्हे, बाईंचे.

त्या दिवशी निघताना बाईंनी माझ्या पट्ट्यावरच्या सरकारी पिस्तुलाकडे पाहिले. "भैया, ये घर पर कहाँ रहती है?"

"कपाटात, कुलूप लावून."

"चाबी?"

"माझ्याकडे."

त्या नवऱ्याला घेऊन घराकडे निघाल्या.

संध्याकाळी लखनौच्या तेलीबागला घरी पोचलो आणि किल्ली बायकोपुढे धरली. म्हटले, "ही तुझ्याकडे राहू दे." तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि ती म्हणाली, "बरं झालं. वर्षभर तुम्ही घरात धड बोलला नाहीत. मी मागणारच होते, पण धीर होत नव्हता."