चहाला थांबणारी गाडी

जुनी गाडी असली की किस्से आपोआप साठतात. नव्या गाडीवाल्याला विचारा, तो मायलेज सांगून गप्प बसतो. आमच्या अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजमध्ये मात्र लिंबाखालच्या बाकावर नुसतं बसलं तरी तासाभरात दोन-तीन किस्से कानावर पडतात. बाकावरचे आम्ही सगळे जुन्या टर्बो डिझेलचे मालक. गाडी आत उघडी पडलेली आणि आम्ही बाहेर, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसतात तसे.

माझी गाडी सतरा वर्षांची. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बायकोने, शुभदाने, मागच्या उन्हाळ्यात शांतपणे सांगून टाकलं होतं, "आता एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तरी तिथूनच भंगारात."

तेव्हापासून माझी गाडी बंद पडली नाही. ती फक्त चहाला थांबायची. इंजिन तापून तापमानाचा काटा वर सरकला की मी म्हणायचो, चहा घेऊया का? चहा होईपर्यंत इंजिन गार व्हायचं, मी गुपचूप पाणी ओतायचो आणि आम्ही निघायचो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढी युक्ती सुचतेच.

*

गॅरेजचे मालक श्रीनिवासअण्णा. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू. गिऱ्हाइकांशी मराठी बोलतात, इंजिनाशी मात्र तेलुगूच.

चहा फारच व्हायला लागले तेव्हा मी गाडी त्यांना दाखवली. अण्णांनी बॉनेट उघडून इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे रबरी पाईप माझ्याच हाताने दाबायला लावले. एक वाळक्या लाकडासारखा कडक, दुसरा पिकल्या केळ्यासारखा मऊ. मी म्हटलं, मऊ झालाय तेवढाच बदला.

"टर्बोची गाडी हाय सर, पोटात आग असतीया. एक नवा घातला की उद्या दुसरा जातोय. बदलायचे तर सगळे, न्हायतर देशमाने सरांना विचारा की."

*

देशमाने सर बाकावरच होते. रिटायर्ड चित्रकला शिक्षक, स्वभावाने काटकसरी. त्यांनी एकच पाईप बदलला होता. पुढच्या महिन्यात त्याच्या शेजारचा फुटला, मग त्याच्या शेजारचा. दर वेळी ते गॅरेजच्या दारातूनच हजेरी घ्यायचे, "अण्णा, आज तीन नंबर गैरहजर."

सगळे पाईप नवे झाले तेव्हा सर समाधानाने म्हणाले, चला, एकदम खर्च करायचा वाचला. त्याच आठवड्यात रेडिएटर गळायला लागला.

*

उजनीकाठचे गोरख बागल यांची तऱ्हाच वेगळी. केळीची बाग, धरणाच्या बॅकवॉटरवर पाणी उपसायच्या मोटारी. गाडीचा पाईप फुटला तेव्हा त्यांनी मोटारीच्या पाईपचा तुकडा कापून क्लॅम्पने आवळला. पाच हॉर्सपॉवरचं पाणी सोसणाऱ्या पाईपला गाडीचं पाणी म्हणजे काय, असा त्यांचा हिशेब.

टेंभुर्णीपर्यंत तो टिकला. तिथे दुधी भोपळ्याएवढा फुगला आणि फुटला. गाडी टोचन करून गॅरेजला आणली. अण्णांनी तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. बागलच शेवटी म्हणाले, "पाईपाची चूक न्हाय ओ. त्येला गार पाण्याची सवय हाय."

*

माझे पाईप बदलायला एक अख्खा दिवस गेला. टर्बोच्या खाली करंगळीएवढा एक पाईप असतो, तिथे हात जातो पण वळत नाही. अण्णा दोन तास तेलुगूत बोलत होते. काय म्हणताय विचारलं, तर म्हणाले, देवाचं नाव घेतोय. देव एवढे असतील असं मला वाटलं नव्हतं.

काम झाल्यावर त्यांनी जुने पाईप पोत्यात भरून माझ्या हातात दिले. आमच्या गॅरेजचा रिवाजच आहे तो. जुना माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आला म्हणजे नवा बसवल्याची खात्री पटते.

पोतं बघून शुभदाने विचारलं, हे घरात कशाला? मी म्हटलं, असू दे, आठवण. दोन दिवसांनी पोतं दिसेना. भंगारवाल्याला गेलं असणार. विचारायची माझी हिंमत नव्हती.

*

परवा टेंभुर्णीला तिच्या भावाची वास्तुशांत होती. सगळे पाईप नवे, त्यामुळे मी ऐटीत निघालो. मोहोळ गेलं. मोडनिंबच्या अलीकडे कूलंटचा गोडसर वास आला आणि काटा वर चढला. भंगारवाला मला समोर दिसायला लागला.

"चहा घेऊया का?"

"घेऊया की," शुभदा म्हणाली.

तिला हॉटेलात बसवून मी बॉनेट उघडलं. रेडिएटरचा वरचा पाईप, नवाकोरा, उभा चिरला होता. नुसतं पाणी ओतून भागणार नव्हतं. आत येऊन मी दुसरा चहा सांगितला, मग तिसरा. सोबत भजीही सांगितली. शुभदाने पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, घडी घातली आणि विचारलं, "इंजिन गार झालं असेल ना आता?"

मी भजीची बशी तिच्याकडे सरकवली.

ती उठली, डिकी उघडली. आहेराच्या पिशव्यांखालून तिने ते पोतं ओढलं. आत सगळे पाईप धुऊन पुसून ठेवलेले आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. शाळेतल्या फळ्यावर असतं तसं टपोरं अक्षर: वरचा, खालचा, टर्बोखालचा. वरचा तिने माझ्या हातात दिला, वर पाण्याच्या दोन बाटल्या आणि स्क्रू-ड्रायव्हर.

मला लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की क्लॅम्प दोनदा हातातून निसटला. पाईप बसवून, पाणी भरून मी हात पुसत आत गेलो. टेबलावर तिचे तीनही कप तसेच होते, भरलेले, वर साय धरलेली. आजवर थांबलो तिथे तिथे तिने चहा कधी प्यायला होता का, हे मला काही केल्या आठवेना.

टेंभुर्णीला मेहुणा दारातच उभा होता. म्हणाला, "उशीर झाला की ताई. गाडीनं त्रास दिला काय?"

"छे," शुभदा म्हणाली, "चहाला थांबलो होतो."