किल्ली न देणारे इब्राहिमभाई

८ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. शारजात अल मजाजला, एका इमारतीखाली, मी सोळा हजार दिरहम मोजून दिले. नऊ रुपये सत्तर पैशांच्या भावाने एक लाख पंचावन्न हजार दोनशे रुपये. हजर: गाडी विकून मायदेशी निघालेला एक इंग्रज, माझी बायको वसुधा, मी, आणि गाडी तपासायला आणलेले मेकॅनिक इब्राहिमभाई. गाडी १९७२ची, इटालियन, लाल, उघड्या टपाची. सीटा दोन. आमच्या घरात माणसं चार. ट्रेडिंग कंपनीत चौदा वर्षं अकाउंटंट असलेल्या मला हा हिशेब पैसे दिल्यावर सुचला.

इब्राहिमभाई श्रीवर्धनकडचे. इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात वीस वर्षं नोकरीला. त्या दिवशी पाऊण तास गाडीखाली पडून होते. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, घेव नका."

"का? खराब आहे?"

"गाडी झकास हाय. पण तुमी पावत्या बघणारा माणूस. हिला बघायला वेळ लागतो."

वसुधा खुदकन हसली. मला राग आला आणि मी तिथेच सौदा पक्का केला. गाडी त्यांच्यावर सोपवायची, हेही तेव्हाच ठरलं, कारण अशा गाडीतलं कळणारा दुसरा कुणी माझ्या माहितीत नव्हता.

दुरुस्ती झाली की ते लगेच किल्ली देत नसत. आधी दहा मिनिटं गाडीत नुसते बसत. इंजिन बंद, हात मांडीवर. "बसल्याबिगर कळत नाय," म्हणत. मी घड्याळ बघायचो. माझ्या प्रत्येक तक्रारीवर त्यांचं उत्तर एकच असे: "गाडी म्हातारी नाय साहेब, मालक नवखा हाय."

नवखा मी होतोच. पहिल्या शुक्रवारी कुटुंबाला फिरवायचं म्हणून एकेकाला बाजूला बसवून शारजाच्या लगूनभोवती, म्हणजे तिथल्या खाऱ्या तळ्याभोवती, तीन फेऱ्या मारल्या आणि पेट्रोल तिप्पट जाळलं. मे ते सप्टेंबर टप उघडता येत नसे, आणि बंद टपात श्वास घेता येत नसे. जूनमध्ये स्टीअरिंगला हात लावायला मी स्वयंपाकघरातलं कढई उतरवायचं फडकं वापरत असे. दुबईत अल मनखूलच्या आमच्या इमारतीतले लोक हात करत, तेव्हा मीही ते फडकं हलवायचो. माझा मुलगा मिहिर तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो म्हणायचा, "डॅड, प्लीज, नॉट इन फ्रंट ऑफ माय स्कूल."

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र तोच म्हणाला, "डॅड, कॅन वी गो टू अल ऐन? टॉप डाउन?" दीड तासावरच्या त्या शहरासाठी मी शुक्रवार ठरवला. नेमका त्याच सुमाराला ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळू लागला. नवा इटलीहून मागवायचा तर अकराशे पन्नास दिरहम. भंगारवाल्याकडे जुना मिळाला दीडशेला. वाचले एक हजार! मी तो ऐटीत इब्राहिमभाईंपुढे ठेवला.

त्यांनी तो उलटासुलटा केला. "आतला रबर मेलाय ह्येचा. मी नाय लावणार."

मी तो दुसरीकडे साठ दिरहमला लावून घेतला. त्या गुरुवारी दुपारी टपाची शिवण उसवली म्हणून पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागलं. ते गाडीत बसले, ब्रेक दाबून धरला. मी बाहेरून बघत होतो. त्यांचं पाऊल हळूहळू खाली जात पार तळाला टेकलं. त्यांनी किल्ली काढून खिशात घातली.

"उद्या पोरगा बसणार ना बाजूला?"

"तो माझा प्रश्न आहे. किल्ली द्या."

"नाय."

"गाडी माझी आहे, इब्राहिमभाई!"

"गाडी न्या ना. ढकलत न्या. किल्ली नाय."

मी तडक त्यांच्या अरबाबाकडे, म्हणजे गॅरेजमालकाकडे गेलो आणि माझ्या मोडक्या हिंदीत तक्रार केली. मालकाने त्यांच्याकडून किल्ली घेऊन माझ्या हातावर ठेवली. मी विजयी वीरासारखा, टाय लावलेला, उघड्या गाडीतून निघालो. दुसऱ्या सिग्नलला ब्रेक दाबला तर पाय तळाला गेला आणि गाडी चालतच राहिली. हँडब्रेक ओढत मी फुटपाथवर चढलो आणि एका खजुराच्या झाडाला टेकून थांबलो. शेजारी कामगारांची बस उभी होती. चाळीसेक माणसं वरून माझ्याकडे बघत होती. उघड्या गाडीचा हा तोटा कुणी सांगत नाही: फजिती झाकता येत नाही.

कुणीतरी गॅरेजात निरोप दिला. इब्राहिमभाई जवळजवळ पळतच आले. गाडीकडे नाही, आधी बाजूच्या सीटकडे पाहिलं.

"पोरगा?"

"घरी आहे."

"मग खलास. यल्ला, उतरा. ढकला."

आम्ही दोघांनी ती ढकलत परत नेली. अल ऐन तीन आठवडे पुढे गेलं. अकराशे पन्नासचा सिलिंडर आला, त्यांनी बसवला, आणि दहा मिनिटं बसून मगच मिहिरच्या हातात किल्ली दिली. माझ्या नाही.

अल ऐनहून परत आल्यावर गॅरेजातल्या पेंटरकडून कळलं, की ग्राहकाशी हुज्जत घातली म्हणून मालकाने इब्राहिमभाईंचा तीन दिवसांचा पगार कापला होता. ही तक्रार माझी. तीन आठवडे ते माझ्याच गाडीचं काम करत होते, पण पगाराबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर मी त्यांच्या खोलीवर गेलो. सहा माणसांची खोली. ते लुंगी नेसून मासे साफ करत बसले होते. मी दोनशेची नोट पुढे केली आणि पाठ केलेली माफी सुरू केली. त्यांनी मधेच हात वर केला.

"साहेब, अरबाबाकडं जायच्या आधी मला दोन शिव्या घालायच्या. मी चार घातल्या असत्या. घरातल्या घरात मिटलं असतं."

मग हात धुऊन त्यांनी उशीखालून पाकीट काढलं, वीसची नोट माझ्या हातात दिली आणि जेवायला बसवलं. महिना अठराशे, म्हणजे दिवसाचे साठ, कापलेले दिवस तीन. इब्राहिम मुकादम यांना रोख एकशे ऐंशी दिरहम.