बाबांसोबत पूर्णगडावर

लग्नाआधीच्या फोटोंसाठी आम्ही पूर्णगडाचा किल्ला ठरवला, तेव्हा बाबा म्हणाले, "दोघांनीच कशाला जायचं? मी येतो." रत्नागिरीहून निघताना ते गाडीत पुढे बसले. मागे मी आणि त्यांचा होणारा जावई, मध्ये माझ्या साड्यांची बॅग. तटावर फोटोग्राफर सारखा सांगत होता, "जरा जवळ या." पण समोर बाबा उभे, त्यामुळे आम्ही शाळेच्या ग्रुप फोटोत असल्यासारखे ताठ. सूर्य खाली जायला लागला. शेवटी बाबाच वैतागले. "अरे, धर की तिचा हात. उन्हं चालली," म्हणाले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. आम्हाला हसू आवरेना. तो हसतानाचाच फोटो आम्ही पत्रिकेवर छापला. कोपऱ्यात बाबांची पाठ दिसत होती, ती त्यांनी कापू दिली नाही.