दोन्ही याद्यांत नसलेल्या बाईंचे वाघमारे साहेब

लिंबाजीराव वाघमारे साहेबांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी एका सरकारी कचेरीच्या जिन्यात बसून रडत होते. गौरवग्रंथात असली सुरुवात शोभत नाही, हे मला कळते. पण घडले ते असे.

राज्यांची पुनर्रचना नुकतीच झाली होती; हैदराबाद राज्याचे तुकडे होऊन सरकारी नोकरांचीही याद्या करून वाटणी चालली होती. मी हैदराबादेत, सुलतान बाजारातल्या मराठी मुलींच्या शाळेत शिक्षिका, माहेर परभणीकडचे. इकडचे म्हणत, "तुमचे कागद मुंबई राज्याकडे गेले." तिकडून उत्तर येई, "बाई हैदराबादच्याच." नाव मात्र एकाही यादीत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकले होते, महिनाअखेर हुकूम आला नाही तर वर्ग दुसरीला द्यावा लागेल. आणि कचेरीतला चपराशी रोज तेच ऐकवी, "साब नै हैं अम्मा, कल आओ."

साहेब तिथे जुन्या दफ्तराच्या विभागात कारकून होते. मराठवाड्यातल्या बौद्ध घरातून शिकून त्या खुर्चीपर्यंत आलेले ते पहिलेच. मला जिन्यात रडताना पाहून त्यांनी आत बोलावले, माझी फाईल मागवली, उघडली, आणि चक्क हसले. मला असा राग आला म्हणता!

"बाई, तुम्ही तेराशे पंचावन्न साली नोकरीला लागलात?"

नेमणुकीचा हुकूम उर्दूत होता आणि साल होते फसली. निजामाच्या दफ्तराची ही कालगणना इंग्रजी सनाच्या पाचशे नव्वद वर्षे मागे चाले. नव्या कारकुनाने तो आकडा इंग्रजी सन म्हणून उतरवला आणि शेरा मारला: अर्जदार बाई जन्मापूर्वी पाचशे सत्तर वर्षे नोकरीस लागलेल्या दिसतात, खुलासा करावा. हा खुलासा कोणी कोणाकडे मागायचा, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. तिथेच माझे घोडे अडले होते.

साहेबांनी उर्दू नोंदवही काढून खुलासा लिहिला. पण फाईल टपालात टाकली नाही. "कागद टेबलाकडे जात नसतो बाई, माणसाकडे जातो. चला." मग आम्ही सात टेबले फिरलो. प्रत्येक ठिकाणी ते आधी समोरच्याचे नाव विचारीत, मग आपले सांगत, मग माझे. नाव सांगितलेला माणूस सहसा "उद्या या" म्हणत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. त्यांचे वरिष्ठ खेकसले, "वाघमारे, हे तुमचे काम आहे का?" साहेब शांतपणे म्हणाले, "यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही, साहेब."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हुकूम आला. वर्ग माझाच राहिला. मी पेढे घेऊन धावले आणि विचारले, "तुम्हीही मराठवाड्याचेच, तुमच्या वाटणीचा हुकूम कधी निघाला?" तर गृहस्थ फाईल बांधत म्हणतात, "आमचे नाव अजून लागायचेय. तुमची महिनाअखेर होती, आमची नव्हती."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना पुढे घालून तीच सात टेबले फिरले. ते लाजत होते, मी नाही.

निवृत्तीनंतर विद्यानगरातल्या वाचनमंडळात साहेब पोरांना कादंबऱ्या समजावून सांगतात. मध्यंतरी तिथे एक गाजलेली परदेशी कादंबरी वाचायला घेतली होती. एक माणूस, न संपणारी कचेरी, कुणालाच चेहरा नाही, शेवट काळाकुट्ट. पोरे सुन्न झाली. एकीने विचारलेच, "अंकल, मग होपच नै का?" साहेब म्हणाले, "हौ, आहे की! त्या गड्याला आपल्यातला एखादा कारकून भेटला नाही, एवढेच." मंडळी हसली. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आले.

साहेबांना पंच्याहत्तरी पूर्ण होत आहे. अशा वेळी दीर्घ, निरोगी आयुष्य चिंतायचे असते, आणि मी ते अगदी मनापासून चिंतते. पण नुसते चिंतून स्वस्थ बसणाऱ्यांवर साहेब रागावतात. त्यांचा गुडघा सहा महिने दुखतो आहे, आणि ते डॉक्टरचे नाव काढू देत नाहीत. तेव्हा सर्वांसमक्ष लिहून ठेवते: सोमवारी सकाळी दहा वाजता मी अंबरपेठला त्यांच्या दारात रिक्षा घेऊन उभी असेन. साहेब, चप्पल घालून तयार राहा.