कागदावरचं 'असू शकतं'

कागदावरचं 'हार्ट' आन् 'डिफेक्ट' एवढंच मला वाचता आलं, आन् मांडीवरचं लेकरू हातातून सुटता सुटता राहिलं. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसलेले. मालक सिन्नरला कंपनीत, फोन उचलीना. मी रडायलाच लागले.

शेजारी एक बाई पिशवीतली मेथी निवडत होत्या. दवाखान्यात कोण मेथी निवडतं? त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, लेकराचा रिपोर्ट हळूहळू वाचला.

"रडू नकोस गं. 'असू शकतं' असं लिहिलंय. 'आहे' म्हटलेलं नाही. पुन्हा तपासा म्हणतात."

"म्हंजे नाय ना मावशी?"

"तसंही लिहिलेलं नाही. त्यांना खात्री नाही, एवढंच. पण तेवढ्यावर दोन घास जातात गं."

आन् लेकराचा तळपाय अंगठ्यानं चोळत बसल्या. मेथीचा वास यायचा त्यांच्या हाताला. माझा जीव जरा खाली बसला, तवा इचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

"आमचे हे." त्यांनी परत जुडी हातात घेतली. "त्यांच्या रिपोर्टात मी कधीची 'असू शकतं' शोधतेय. एकदाही लिहिलेलं नाही बघ."

तेवढ्यात माझा नंबर पुकारला. मी लेकराला खांद्यावर घेऊन उठले. बाहेर आले तर बाकडं रिकामं.

पुढच्या तपासणीत लेकरू ठणठणीत निघालं. आता मेथी निवडाय घेतली की त्या बाईंची लय आठवण येते. एकदा दिसाव्यात, लेकरू त्यांच्या मांडीवर द्यावं, असं वाटतं. पण त्या 'एकदाही लिहिलेलं नाही' म्हणल्या तवा काय बोलायचं, ते मला अजून सुचलं नाय. तुम्ही असता तर काय बोलला असता?