आधी चिमटे बघा

"हात सैल सोडा. श्वास नेहमीसारखा घ्या. याने शॉक बसत नाही."

ही तीन वाक्यं तो दिवसभर म्हणायचा, आणि इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत तो लोकांचे ईसीजी काढायचा. एक पलंग, एक मशीन, जेलीची बाटली, पुसायला कापूस, आणि निम्म्यापर्यंत पांढरा रंग फासलेली खिडकी. मशीनमधून गुलाबी चौकटींची कागदी पट्टी सरसरत बाहेर यायची, म्हणून सगळं हॉस्पिटल त्याला पट्टीकाका म्हणायचं. घाबरून आलेली माणसं त्याच्या पलंगावर आडवी झाली की निम्मी शांत व्हायची. त्याचा आवाजच तसा होता. वरिष्ठ डॉक्टरसुद्धा कटकट्या पेशंटला म्हणायचे, जरा पट्टीकाकांकडे जाऊन या.

त्या आवाजाच्या मालकाला स्वतःला मात्र जवळजवळ रोज वाटायचं, की आपण आज मरणार.

कारण विचाराल तर कारण नाही. लोकांना कारण लागतं; लहानपणी विहिरीत पडला होता, बापाने मारलं होतं, असं काहीतरी सापडलं की त्यांचं समाधान होतं. याचं सुरू झालं ते बुटांच्या दुकानात. एका पायात नवा बूट चढवला होता, दुसरा हातात होता, दुकानदार "जरा चालून बघा" म्हणत होता, आणि एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर पडले, छत खाली येतंय असं वाटलं. तो तसाच रस्त्यावर पळाला, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा. दुकानदार मागे धावला. अर्थात बुटासाठी.

टॅक्सी करून तो स्वतःच्याच हॉस्पिटलात आला, स्वतःच्याच पलंगावर झोपला, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाने त्याची पट्टी काढली. पट्टी स्वच्छ होती. ती डोळ्यांसमोर धरल्याबरोबर त्याचा जीव भांड्यात पडला, बोटांच्या मुंग्या गेल्या, भूकही लागली. सगळा घोळ झाला तो इथेच. मरण येतं आणि पट्टी पाहिली की परत जातं, ही गाठ त्याच्या मनात अशी पक्की बसली, की पुढे ती सुटता सुटेना.

सुटावी म्हणून त्याने काय नाही केलं? चहा सोडला. परत धरला. शेजाऱ्याने सांगितलेला कडू काढा नाक दाबून प्यायला. श्वास शिकवणाऱ्या एका गुरूकडे गेला. तिथे डोळे मिटून बसल्यावर स्वतःचे ठोके इतके मोठ्याने ऐकू येऊ लागले, की गुरू "शांत व्हा" म्हणेपर्यंत हा जिना उतरून खाली आला होता. या सगळ्यापेक्षा पट्टी बरी. दुपारी बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाला, की तो खोलीला आतून कडी घालायचा, शर्टाची बटणं काढायचा आणि मशीनशेजारच्या पलंगावर स्वतःच झोपायचा. चार चिमटे हातापायांना, लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला; छातीवर रबरी फुगे चिकटवायचे; मग मान वाकडी करून बटण दाबायचं. पट्टी बघायची, बारीक फाडायची, खिशातून घरी न्यायची आणि संडासात टाकायची. "तुमच्याकडचे पेशंट काय कागद खातात का?" असं स्टोअरवाल्याने एकदा विचारलं, तेव्हा तो हसला. पण त्या रात्री त्याला झोप आली नाही.

सगळ्यांत वाईट हे, की तो त्या मशीनला बांधला गेला. गावाबाहेर पडायचं म्हटलं की पाचावर धारण बसायची. बायको एकटीच लग्नाकार्यांना जायची आणि "त्यांना सुट्टी मिळत नाही हो" असं सांगून सांगून आता ते तिला स्वतःलाही खरं वाटू लागलं होतं. मुलगी पदवी घ्यायला उभी राहिली तेव्हा हा नव्हता. तिने दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांबच्या शहरात नोकरी धरली, लग्न केलं, घर मांडलं. ते घर त्याने फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. खिडकीतल्या झाडाच्या फांद्यासुद्धा त्याला पाठ होत्या, पण उंबरा काही ओलांडला नव्हता.

आणि आता मुलगी बाळंत व्हायची होती.

"बाबा, या वेळी येणार ना?" तिने फोनवर विचारलं.

"बघतो."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तुमचं 'बघतो' म्हणजे 'नाही' हे तिला काय कळत नाही का? मी तिकिटं काढलीत. दोन काढलीत. काय ते एकदा ठरवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, रिकाम्या खोलीत, ते तिकीट आठवलं आणि झटका आला. गाडी, बंद दारं, आजूबाजूला शेतं, मैलोन्‌मैल एक हॉस्पिटल नाही. त्याने घाईघाईने कडी लावली, चिमटे लावले, बटण दाबलं. पट्टी बाहेर आली.

पट्टीवरच्या पहिल्या ओळीतली, म्हणजे पहिल्या लीडमधली, सगळी रेघ उलटी होती. वर जायला हवेत ते डोंगर खाली गेले होते.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी आलंच, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं, कारण इतकी वर्षं आपण उगाच घाबरत नव्हतो हे तरी सिद्ध झालं. तो उठला आणि उघड्या छातीवर जेलीचे डाग घेऊन, पट्टी झेंड्यासारखी धरून, समोरच्या मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत घुसला. तिथे बसलेल्या आजोबांनी त्याला पाहून स्वतःचाच शर्ट घट्ट धरला.

"मॅडम, गेलो," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी पट्टी पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पट्टीकडे.

"चिमटे कोणी लावले?"

"मी."

"काका, उलटे लागलेत. लाल डावीकडे गेलाय." आजोबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या बोलत होत्या. "पहिली रेघ उलटी दिसली तर आधी चिमटे बघा, मग पेशंटकडे बघा. मी शिकत होते तेव्हा हे मला कोणी सांगितलं होतं?"

त्यानेच सांगितलं होतं. त्यांना आणि त्यांच्या आधीच्या, नंतरच्या प्रत्येकाला. ही चूक नवशिकेच करतात असं तो दरवर्षी हसत सांगायचा. त्याने मान खाली घातली. दोन्ही मनगटांवर अदलाबदल झालेल्या चिमट्यांचे वळ अजून होते.

"हे असं कधीपासून चाललंय?" बाईंनी विचारलं.

त्याने पट्टीची घडी घालायला घेतली. पण त्याचे डोळे भरून आले, आणि आजोबांनी, बिचाऱ्यांनी, आपल्या हातातला रुमाल त्याच्यापुढे केला.

बाईंनी त्याला पाठवलं ती मानसोपचाराची खोली त्याच मजल्यावर, त्याच्या खोलीपासून तिसरं दार. त्या दारासमोरून जाताना तो इतकी वर्षं नजर जमिनीला लावून जात असे. आता बाहेरच्या बाकावर बसावं लागलं. ओळखीच्या एका पेशंटने विचारलं, "काका, तुम्ही इथे कसे? मशीन आणलंय का?" त्याने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

आतले डॉक्टर जाडजूड होते आणि त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून नाक शिंकरलं, आणि एक लहानशी गोळी लिहून दिली. मग म्हणाले, "आत्तापर्यंतच्या सगळ्या पट्ट्या चांगल्या आल्या?"

"सगळ्या."

"मग भीती गेली का नाही?"

त्याने दोन बोटं मनगटाच्या नाडीवर टेकवली.

"तुमच्या भीतीला वाटतं, पट्टी काढली म्हणून वाचलो. पट्टी नसती तरी वाचला असतात, हे तुम्ही तिला कधी कळूच दिलं नाहीत. येऊ द्या तिला. धडधडू द्या. आणि काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तेच अवघड आहे."

खोलीची किल्ली त्या दिवसापासून दुपारनंतर मुख्य नर्सबाईंकडे जाऊ लागली. पहिले काही दिवस तो कुलपाकडे असा बघायचा, की नर्सबाईंना त्याची दया यायची. पण किल्ली काही त्यांनी दिली नाही.

असले आजार तारखा पाहून बरे होत नाहीत. प्रवासाच्या सकाळी तो तयार झाला, बॅग उचलली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. बायकोने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याच्या हातातून फक्त खाऊचा डबा काढून घेतला आणि एकटी गेली. नातू झाला. फोनवर लाल, सुरकुतलेलं तोंड दिसलं. तो "छान, छान" म्हणाला.

"आईने सांगितलं मला सगळं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी आता विचारणार नाही बाबा. तुम्हाला त्रास होतो. राहू दे."

हे 'राहू दे' त्याला झोंबलं. इतकी वर्षं त्याला हेच तर हवं होतं, कोणी काही विचारू नये. आणि आता ते मिळालं तर घर खायला उठलं.

तो गोळी घेत राहिला, तिसऱ्या दाराशी जात राहिला. झटके येत राहिले. भाजी घेताना आला, न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीत आला. काही करायचं नाही म्हणजे काय, हे शिकायला माणसाला फार कष्ट पडतात. पण न्हाव्याकडून तो पूर्ण दाढी करूनच उठला. आणि एका सकाळी, कुणीही विचारलेलं नसताना, तो दिवसाच्या गाडीत जाऊन बसला.

गाडीने गाव सोडलं आणि भीती आलीच. मुंग्या, ओठ, घसा, सगळं ठरल्यासारखं. बाहेर शेतं, एकही हॉस्पिटल नाही. त्याचा हात आपोआप मनगटाची नाडी शोधायला गेला. तो हात त्याने मांडीखाली घालून त्यावर बसकण मारली. समोरच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तो म्हणाला, "नाही. पण चालेल." दरदरून घाम आला, शर्ट पाठीला चिकटला. आता मरतो, आता मरतो असं वाटत राहिलं. मग पुढचं स्टेशन आलं, गेलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ एका पोराचं रडणं ऐकतोय आणि त्याचा वैताग येतोय. मेलेल्या माणसाला वैताग येत नाही. मांडीखालचा हात मात्र पार बधिर झाला होता.

दार बायकोने उघडलं. तिने त्याच्या हातातली बॅग घेतली. मुलगी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती, खिडकीत ते पाठ असलेलं झाड होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा वाकडा झाला, लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा. पण ती रडली नाही. बाळ मांडीवर होतं आणि तिची दोन बोटं बाळाच्या छातीवर टेकलेली होती.

"बाबा, बरं झालं आलात," ती घाईने म्हणाली. "याचं हृदय किती जोरात धावतं बघा ना. डॉक्टर म्हणतात ठीक आहे. पण मी सारखी हात ठेवून बघते. झोपला की जास्त बघते. रात्री उठून उठून बघते. तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं."

तो उभा होता तिथेच थांबला. ती दोन बोटं त्याने ओळखली. स्वतःच्या मनगटावर तो इतकी वर्षं तशीच टेकवत आला होता.

त्याने हात धुतले, नीट पुसले, आणि बाळ उचलून छातीशी धरलं. कापडाच्या दोन थरांतून ते इवलंसं हृदय त्याच्या बरगड्यांवर भरभर वाजत होतं. त्याच्या सवयीच्या हाताला मोजायला किती वेळ लागणार होता? मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"इतक्या लहान मुलांचं असंच धावतं," तो त्याच्या कामातल्या आवाजात म्हणाला. "एकदाच सांगतो. परत विचारलंस तर सांगणार नाही."

"पण बाबा..."

तिचा हात बाळाकडे आला होता. त्याने तो हळूच धरला आणि पलंगावर ठेवला.

"हात सैल सोड," तो म्हणाला. "धावू दे त्याला."

बायको दारात उभी राहून बघत होती. बाळ त्याच्या खांद्यावर झोपी गेलं. त्याचं स्वतःचं हृदय परत धडधडायला लागलं होतं, अगदी बाळाच्याइतकं नाही, पण बरंच. त्याने दोन्हीपैकी एकही मोजलं नाही. तो खिडकीपाशी गेला आणि ते झाड नेमकं कसलं आहे, हे मुलीला विचारू लागला.